रॉकेलचं गाणं

लीड्स, १२ मार्च १९८६

अक्का,

मी सुमी. झरीची. तुझ्या उद्धवकाकाची.

पत्राला मायना असतो एवढं आठवतंय, पन कसा लिवायचा ते इसरले. माझ्या मराठीला हसू नको. अकराव्या वर्षी मला झरीहून उचलून इथं आनलं, तिथंच माझं मराठी थांबलं. आई होती तवर घरात बोलत होतो. ती जाऊन चार वर्सं झाली. बाप आसून दादा माझ्याशी इंग्रजीतच बोलतेत, आन् सा महिन्यांपासून तेबी बंद. मराठीत भांडायला सुदिक कुणी न्हाई मला.

कामून बोलत न्हाईत ते सांगते. मी औषधाचं कॉलेज सोडलं. मी गाते. चौघांचा बँड हाय आमचा. बंद पडलेली एक लोकरीची गिरणी हाय, तिच्या तळघरात आमी वाजवतो. तिथं इतकी थंडी की माईकवर वाफ धरती. तुला वाटंल सिनेमातल्यावानी गानं आसंल. तसं न्हाई. ड्रमचा दणका, गिटारीचा कल्ला, आन् त्या सगळ्याच्या वरून मला आवाज काढायचा असतो. मोठ्या कंपन्या असलं घेत न्हाईत. एका रेकॉर्डच्या दुकानवाल्यानं हौसेनं आमची पयली रेकॉर्ड काढली. तिची कॅसेट सोबत पाठवायलेय.

दादांनी व्यंकटकाकाला, तुझ्या आबांना, काय लिवलंय मला म्हाईत न्हाई. तू मातर खरं ऐक. तू शाळेत शिकवतीस असं आई सांगायची. तुझं कसं चाललंय? भावजी कसे हायेत? सगळं लिव.

तुझी सुमी

---

जिंतूर, ४ मे १९८६

चि. सुमंगला हिस,
अनेक आशीर्वाद.

मायना असा लिहायचा. बघ आणि शीक. तुझ्या पत्रात मी लाल पेनानं सत्तावीस चुका काढल्या आणि मग त्या लाल पेनाचीच मला लाज वाटली. असं बोलणं आता शाळेतल्या पोरांच्या तोंडी आलं की मी त्यांना उभं करते. तुला कुठं उभी करू?

उद्धवकाकांनी आबांना लिहिलंय की सुमी मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागली. आबा झरीत सगळ्यांना सांगत फिरायलेत. मी काही बोलले नाही. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कॅसेट पोचली. घरी लावायची सोय नव्हती, म्हणून शाळेच्या टेपवर मधल्या सुट्टीत लावली. नागनाथ शिपाई धावत आला. म्हणाला, "बाई, मशीन बिघडलं का?" मी म्हणाले, "नाही. माझी बहीण आहे."

माझं इंग्रजी पास होण्यापुरतं. शब्द कळले नाहीत. पण एवढं कळलं की तुला कुणाचा तरी राग आलाय, आणि तो नेमका कुणाचा हे तुला ठाऊक नाही. चुकत असेन तर सांग.

माझं बरं चाललंय. हे पंचायत समितीत कारकून आहेत. थोरले दीर मुंजाजीराव गावाकडची शेती बघतात. आठवडी बाजाराला येतात, आले की घर उभं राहतं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझी
अनसूया

---

लीड्स, ९ नोव्हेंबर १९८६

ती. अक्कास सा. न.

बघ, शिकले. (दुकानातल्या एका गुजराती मावशीला इचारलं, तिला येईना. मग आईची जुनी पत्रं काढली.)

तुझं खरं हाय. राग कुणाचा ते मला कळंना झालंय. सांगते काय झालं. एका गान्याच्या पेपरानं आमच्यावर आठ वळी छापल्या. चार वळी माझ्या केसांवर, तीन माझ्या रंगावर, आन् गान्यावर एक. लंडनहून मोठ्या कंपनीचा मानूस आला. म्हनला, "साडी नेसून उभी राहशील का? गिटार आन् साडी, लोकांना नवं वाटंल." मी न्हाई म्हनले. मग तो म्हनला, "आवाज हाय तुझ्याकडं, पन सांगायला काय हाय?"

ह्याचंच मला लय लागलं. कारन उत्तर न्हाई माझ्याजवळ. आमचा गिटारवाला ग्रॅहम. त्याचा बाप कोळशाच्या खानीत होता, खान बंद पाडली सरकारनं. तो त्याच्यावर गानं लिवतो तवा तळघरात कुणी खोकत सुदिक न्हाई. मी लिवते ते सगळं ऐकीव. मागच्या महिन्यात एका गावात कुनीतरी गिलास फेकला, "घरी जा" म्हनून वरडला. व्हॅनमधे बसून मी तेच इचार करत आले, की कोनत्या घरी.

अक्का, "लिहिण्यासारखं काही नाही" असं तू लिवतीस ते मला पटत न्हाई. मला एक खरी गोष्ट लिव. एकच.

सुमी

---

जिंतूर, २८ जून १९८७

चि. सुमंगला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला सात महिने उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहिलं आणि चुलीत घातलं. आज शाळेत बसून लिहायलेय.

गेल्या आठवड्यात पाचवीचे प्रवेश होते. एक बाई नातीला घेऊन आली. मुलीचं नाव पंचशीला. मी खाली बघूनच विचारत होते, पालकाचं नाव, धंदा, मूळ गाव. त्या बाईनं मूळ गाव सांगितलं आणि माझा पेन थांबला. ते माझं सासरचं गाव. वर बघितलं तर सरजाबाई. ती माझ्याकडं बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

७८ साली तू इथं नव्हतीस. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं सरकारनं ठरवलं आणि जिकडंतिकडं पेटलं. एस.टी. बंद, बाजार बंद. आमच्या गावात तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मुंजाजीराव स्वयंपाकघराच्या दारात आले. ओसरीवर पाच-सहा माणसं उभी होती. ते म्हणाले, "सूनबाई, रॉकेलचा डबा काढा."

मी दिला, सुमे. कशाला, असं विचारलं नाही. मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. डबा भरलेला होता. दोन्ही हातांनी उचलला. वाटेत सांडू नये म्हणून झाकण घट्ट बसवून दिलं.

मग मी घरावरच्या माळवदावर गेले. बौद्धवाड्यातली सहा घरं जळाली. माणसं आधीच शिवारात पळाली होती, म्हणून जीव वाचले. शेवटचं घर सरजाबाईचं. दोन दिवसांनी पोलीस आले. मी म्हणाले, "मी भाकरी करत होते, मला काही दिसलं नाही." सगळ्यांनी तेच सांगितलं. प्रकरण मिटलं. सरजाबाई जिंतूरला आली, कापसाच्या जिनिंगवर कामाला लागली.

आता रोज सकाळी मी हजेरी घेते. पंचशीला "हजर" म्हणते आणि मी मान वर न करता पुढचं नाव घेते. नऊ वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही, कारण ह्यांना माहीत आहे. माहीत असलेल्या माणसाला काय सांगायचं?

तू खरी गोष्ट मागितलीस. ही घे. वाचून फाडून टाक.

अनसूया

---

लीड्स, २ सप्टेंबर १९८७

ती. अक्कास सा. न.

फाडलं.

काय लिवू कळत न्हाई. तू तवा एकोनीस वर्षांची होतीस. मी तुला वाईट म्हननार न्हाई.

इथं बरं चाललंय. नवीन गानं बसवायलोत. ग्रॅहम म्हनतो ह्याच्यात काहीतरी हाय. मी ते गाताना वरडत न्हाई आता. हळू म्हनते. लोक गप होतेत.

तब्येत जप.

सुमी

---

जिंतूर, १४ फेब्रुवारी १९८८

चि. सुमंगला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला लिहिल्यापासून माझी झोप सुधारली. हसशील, पण खरं आहे. पंचशीला गणितात पहिली आली. मी तिला कंपासपेटी दिली. घरी नेऊन दाखवली असेल, परत आली नाही, म्हणजे सरजाबाईनं ठेवून घेतली. एवढ्यावरही मला बरं वाटतं.

ते हळू म्हणायचं गाणं पाठव की. आता नागनाथलाही सवय झाली आहे. तो विचारतो, "तुमच्या बहिणीचं नवीन काही आलं का?"

अनसूया

---

मँचेस्टर, ७ जुलै १९८८

ती. अक्कास सा. न.

घाईत लिहायलेय, व्हॅन सुटायलीय. आमचं गानं लय गाजायलंय. रेडिओवर रोज लागतं. लंडनची तीच कंपनी आली, आता साडीचं नाव काढत न्हाई. पुढच्या वर्षी अमेरिका. दादांनी फोन केला, दोन मिनिटं बोलले. पेपरात फोटो आला तो बघून.

कॅसेट पाठवते. ह्या महिन्यात न्हाई तर पुढच्या.

सुमी

---

जिंतूर, १६ नोव्हेंबर १९८८

सुमंगला,

कॅसेट पाठवू नकोस. गाण्यात काय आहे ते मला कळलं.

परभणीचा कुणी इंजिनिअर मँचेस्टरला असतो. त्यानं तुझ्या मुलाखतीचं कात्रण इथल्या एका साप्ताहिकाला पाठवलं. त्यांनी ते मराठीत छापलं. मथळा: "परभणीच्या कन्येचा विलायतेत डंका". आणि खाली तुझे शब्द: "हे गाणं माझ्या चुलतबहिणीचं आहे. ती शिक्षिका आहे. ७८ साली तिनं आपल्या हातानं रॉकेलचा डबा दिला आणि झाकण घट्ट लावून दिलं. तिनं मला पत्रात लिहिलं."

झाकणसुद्धा, सुमे! झाकणसुद्धा ठेवलं नाहीस माझ्याजवळ.

हे चहा पिताना वाचत होते. कप खाली ठेवला, पेपर घडी करून माझ्यासमोर ठेवला आणि ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशी मुंजाजीराव आले. बाजाराचा दिवस नव्हता. ओरडले नाहीत. टाइप केलेला कागद सोबतच होता. "माझी चुलतबहीण लहानपणीच परदेशी गेली असून सदर मजकूर तिने कल्पनेने रचला आहे. आमच्या गावी असा कोणताही प्रकार माझ्या पाहण्यात आलेला नाही." खाली माझं नाव. हे म्हणाले, "सही कर, विषय संपव."

मी सही केली. पुढच्या अंकात छापून आली.

त्यानंतरच्या सोमवारी पंचशीला आली नाही. मंगळवारी सरजाबाई दाखला काढायला आली. मी ऑफिसात होते. ती माझ्याशी बोलली नाही, हेडमास्तरांशी बोलली. कंपासपेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली.

पहिलं खोटं मी घाबरून बोलले होते. दुसरं तू बोलायला लावलंस.

अनसूया

---

लीड्स, ५ डिसेंबर १९८८

अक्का,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आन् तशीच जिन्यात बसले.

मी फाडलं न्हाई. तवा खोटं लिवलं. दहादा वाचलं, मग त्याचं गानं झालं. करायचं म्हनून केलं न्हाई, पन झाल्यावर थांबवलं बी न्हाई. मुलाखतीत त्यानं इचारलं, "हे खरं हाय का?" आन् मला इतक्या वर्सांत पयल्यांदा कुनीतरी काहीतरी खरं इचारलं होतं. मी बोलून गेले. तुझं नाव घेतलं न्हाई. परभणी कुठं हाय ते इथं कुनाला म्हाईत? मला वाटलं, ते तिथवर पोचतच न्हाई. चुकलं माझं. लय चुकलं.

पन अक्का, एक इचारते, राग येऊ दे. सही कामून केलीस? गानं खोटं न्हाई. तू लिवलंस ते खरं होतं. तू एकदा "हो, खरं हाय" म्हनली आसतीस तर काय झालं आसतं? इथं हजार लोक ते ऐकून गप होतेत. तिथं एका मानसापुढं तुला बोलवंना?

सुमी

---

जिंतूर, ३ जानेवारी १९८९

सुमंगला,

तुझ्या हजार लोकांतल्या एकालाही सासर नाही. खरं बोलल्यावर तुला टाळ्या मिळतात आणि गाडी तुला पुढच्या गावाला नेते. मला त्याच घरात भाकरी थापायची असते.

दुसऱ्याचं पत्र विकणं याला आपल्याकडं चोरी म्हणतात. तुझ्याकडं काय म्हणतात ते तुझं तू बघ.

यापुढं पत्र पाठवू नकोस.

अनसूया

---

लीड्स, २१ मे १९९०

ती. अक्कास सा. न.

पाठवू नको म्हनलीस तरी लिहायलेय. वाचलं न्हाईस तरी चालंल.

अमेरिकेला जाऊन आलो. आमच्याहून मोठ्या एका बँडच्या आधी अर्धा घंटा आमी वाजवायचो. तिथं एक दिवशी मला दिसलं, की लोक आता गप होत न्हाईत. त्या गान्याचं धृपद त्यांना पाठ झालंय. हातात बियर घेऊन उड्या मारतेत, एकमेकाच्या गळ्यात हात टाकून म्हनतेत, "डबा दे, डबा दे." हसत हसत. मी वर उभी. तुझं झाकन, तुझं माळवद, आन् खाली लगीन चालल्यावानी. मी गानं हळू घेतलं तर ते जोरात म्हनतेत. मी थांबले तर ते म्हनतेतच.

कंपनीला दुसरी रेकॉर्ड पायजे. मी चौदा गानी लिवली. सगळी परत. साहेब म्हनला, "चांगली हायेत, पन त्या गान्यासारखं एक बी न्हाई. बहिणीचं आनखी एखादं पत्र न्हाई का?"

मी त्याच्या टेबलावरची फुलदानी फोडली. उगं. त्याला काय कळनार, मी कामून फोडली ते? ग्रॅहम म्हनतो मी बँड बुडवायलेय.

सुमी

---

लीड्स, ११ ऑक्टोबर १९९२

ती. अक्कास सा. न.

बँड संपला. कंपनीनं करार मोडला. गळ्यात गाठी झाल्या होत्या, त्या काढल्या. तीन महिने बोलायचं न्हाई म्हनून डॉक्टरनं सांगितलं. पाटीवर लिवून बोलत होते, दुकानात बी. आता आवाज येतो, पन वरचा सूर लावला की फाटतो. एका औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. दादांना जे पायजे होतं ते झालं.

ते दवाखान्यात आले होते. लय वर्सांनी मराठीत बोलले. म्हनले, "सुमे, पानी पी." मग मी पाटीवर सगळं लिवलं. तुझं, डब्याचं, सगळं. त्यांनी वाचलं आन् म्हनले, "मला म्हाईत होतं. व्यंकटनं तवाच लिवलं होतं. अनूच्या सासरच्या गावात जाळपोळ झाली, आपली मानसं सुखरूप हायेत, असं."

आपली मानसं सुखरूप हायेत. अक्का, ते वाक्य ऐकल्यापासून मला जेवन गोड लागत न्हाई.

तू बरी हायेस का, एवढंच लिव. दोन शब्द.

सुमी

---

झरी, ३० जानेवारी १९९४

चि. सुमंगला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं शाळेच्या पत्त्यावर आली होती. दोन्ही वाचली होती. उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. आता आहे.

पत्ता बघितलास ना? मी आबांकडं झरीला राहते आणि रोज एस.टी.नं जिंतूरला शाळेला जाते. का ते सांगते.

चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. सोळा वर्षांनी. संक्रांतीचा दिवस. जिंतुरात एका गल्लीत मिठाई वाटायलेत आणि दुसऱ्या गल्लीत दुकानं बंद. हे म्हणाले, "दार लावून घे, आज बाहेर पडू नको." मी कडीला हात लावला आणि तसाच मागं घेतला. ७८ साली मला कुणी दार लावायलाही सांगितलं नव्हतं, मी आपणहून गप्प बसले होते. मी चपला घातल्या. हे म्हणाले, "कुठं निघालीस?" मी म्हणाले, "सरजाबाईकडं."

सरजाबाई जिनिंगच्या मागं राहते. अंगणात बायका होत्या, हसणं-बोलणं चाललं होतं. मला बघून सगळ्या थांबल्या. सरजाबाईनं "बसा" म्हटलं नाही. मी उभ्यानंच बोलले.

"सरजाबाई, त्या दिवशी रॉकेलचा डबा मी दिला होता."

ती म्हणाली, "म्हाईत हाय."

"कसं?"

"डब्यावर तुमच्या घरचं नाव रंगवलेलं व्हतं. राखंत घावला. पोलिसाला दाखवला तर त्येनं पायानं बाजूला सारला."

मी म्हणाले, "पेपरात लिहून दिलं तेही खोटं होतं."

"तेबी म्हाईत हाय. पंचशीलानं वाचून दाखवलं मला."

सुमे, मी सोळा वर्षं ज्या गोष्टीखाली दबून गेले होते ती त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होती. मी म्हणाले, "मी आता लिहून द्यायला तयार आहे. पोलिसांत, तहसिलात, म्हणाल तिथं."

ती म्हणाली, "मग तिकडं जायाचं व्हतं, बाई. माझ्याकडं कामून आलाव? मला सांगून तुमाला हलकं वाटंल. मला काय वाटंल?"

मी निघाले. ती मागून म्हणाली, "थांबा. ती तुमची बहीन विलायतेत गानं म्हनती, त्यात माझं नाव हाय का?"

"नाही."

"माझ्या घरात शिलाईमशीन व्हती, नवी. लेकाच्या मॅट्रिकचा कागद व्हता पत्र्याच्या पेटीत. गाभन शेळी बांधलेली व्हती, सोडायला बी येळ घावला न्हाई. ते हाय का गान्यात?"

"नाही."

"मग काय हाय?"

मी म्हणाले, "मी आहे. मी दिलेला डबा आहे. माळवदावरून दिसलेला धूर आहे."

ती हसली. रागानं नाही, थकल्यासारखी. म्हणाली, "जळलं आमचं आन् गानं तुमचं."

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. लिहून दिलं, डबा, नावं, सगळं. जमादार म्हणाला, "बाई, हे प्रकरण कधीच बंद झालंय. आता कशाला जखमेवरची खपली काढता?" मी म्हणाले, "पोच द्या." तीन तास बसवलं, मग दिली. त्या साप्ताहिकालाही लिहिलं, की माझी सही खोटी होती. दोन अंक निघाले. छापलं नाही. छापतील असं वाटत नाही.

घरी परत गेले तेव्हा माझी पेटी ओसरीवर काढून ठेवली होती. ह्यांनीच. मुंजाजीरावांना यायचीसुद्धा गरज पडली नाही. आबा माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, "सोळा वर्षं निभावलं होतंस, आता काय झालं होतं?" मुंजाजीराव गावात पूर्वीसारखेच हिंडतात. काही बदललं नाही. फक्त मी झरीला आले.

तू विचारलं होतंस, एकदा "हो, खरं आहे" म्हटलं असतं तर काय झालं असतं. हे झालं असतं. तरी तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, पण तो आता एकट्या तुझ्यावर नाही.

अनसूया

---

लीड्स, २० मार्च १९९४

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र घेऊन मी लंडनला कंपनीत गेले. जुन्या गान्यांची रेकॉर्ड ते परत काढायलेत, त्यात आपलं गानं पयलं. मी म्हनले, ते गानं त्यातून वगळा. न्हाई तर मला बदलू द्या. साहेब नवा होता, पोरगाच. त्यानं करार काढून दाखवला. म्हनला, "गानं तुमचं न्हाई, कंपनीचं हाय." सरजाबाई म्हनती जळलं तिचं, हा म्हनतो गानं कंपनीचं. दोघांचं ऐकून माझं तर कायच न्हाई.

मागच्या शनवारी इथला जुना क्लब बंद झाला. आमचा पयला जाहीर कार्यक्रम झाला तो. ग्रॅहम घरी आला, म्हनला, एकदा सगळे मिळून वाजवू, शेवटचं. मी हो म्हनले. आवाज फाटका हाय, पन जुनी पाच गानी खालच्या सुरात निघाली. मग लोक वरडायले, डबा, डबा. सातशे-आठशे लोक.

मी माईकवर सांगितलं. इंग्रजीत, सोपं करून. म्हनले, हे गानं मी आता म्हननार न्हाई. ज्या बाईचं घर जळलं तिचं नाव सरजाबाई. ती अजून हाय. तिला मी कधी इचारलं न्हाई. तिच्या घरात शिलाईमशीन होती, लेकाचा मॅट्रिकचा कागद होता, गाभन शेळी होती. ते ह्या गान्यात न्हाई.

काही जन गप झाले. एकानं शिट्टी मारली. मागून कुनीतरी वरडलं, "भाषन नको, गा!" मी मान हलवली. तवा ग्रॅहमनं गिटार सुरू केली. त्यानं मुद्दाम केलं असं मी म्हननार न्हाई. त्याला वाटलं मी घाबरले, मदत करावी. ड्रमवाला लागला. आन् लोकांनी गानं उचललं. पयल्या वळीपासून. सगळं पाठ होतं त्यांना.

अक्का, मी माईकपुढं तोंड मिटून हुबी होते आन् गानं चालूच होतं. पूर्न झालं ते, शेवटच्या शब्दापर्यंत. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं बघून.

मी दुकानात एप्रिलची रजा मागितलीय. मुंबईपर्यंत येते, तिथून परभणी. दादा म्हनतेत नको जाऊ, तुला तिथं कोन वळखनार. मी येऊन काय करीन मला म्हाईत न्हाई. गानं परत देता येत न्हाई, ते मी करून बघितलं.

तू सरजाबाईला इचार, मी आले तर ती दारात हुबं राहू देईल का. गान्यासाठी न्हाई. ती सांगंल ते ऐकायला. न्हाई म्हनली तर न्हाई म्हनून लिव, गोड करून लिवू नको.

सुमी